घास अडतो, की गोळा जाणवतो?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये गळ्याची पत्रं सगळ्यात जास्त आहेत. कुणाच्या घशात गोळा आहे, कुणाचा घास छातीत थांबतो, कुणाच्या वडिलांना पाण्याचा ठसका लागतो. शब्द मात्र सगळ्यांनी एकच वापरला आहे: 'अडकतं'. मी सव्वीस वर्षं कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून काम करते आहे, आणि या एका शब्दावर डॉक्टर थांबला की निदान चुकतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. काय अडकतं, कुठे, आणि मुख्य म्हणजे तोंडात घास असताना की नसताना, हे विचारावंच लागतं. पाच पत्रं निवडली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: मी 43 वर्षांची आहे. सात महिन्यांपासून गळ्याच्या मधोमध, घाटीच्या जरा खाली, काहीतरी गोळ्यासारखं बसलंय असं वाटतं. जेवताना त्रास नाही, उलट जेवताना बरं वाटतं. संध्याकाळी कामं आटोपून निवांत बसले की गोळा परत हजर. सारखी आवंढा गिळत राहते, खाकरते, पण बाहेर काही येत नाही. घशाची दुर्बिणीनं तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या चार महिने घेतल्या, फरक शून्य. माझी थोरली जाऊ गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरनं गेली. रात्री अंथरुणावर पडले की तेच डोळ्यांपुढे येतं. घरचे म्हणतात, हा तुझ्या मनाचा खेळ आहे. खरंच तसं असेल का?

आधी घरच्यांना उत्तर देते. हा मनाचा खेळ नाही. गळ्यात गोळा नसला तरी गोळ्याची जाणीव खरी असते आणि वैद्यकात तिला नावही आहे: ग्लोबस. लॅटिनमध्ये ग्लोबस म्हणजे गोळा. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात नव्यानं येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी साधारण चार जण हीच तक्रार घेऊन येतात. पूर्वी या आजाराच्या नावालाच हिस्टेरिया चिकटलेला होता, आणि बायकांचं काहीतरी म्हणून तक्रार बाजूला सारली जायची. 1968 मध्ये मॅल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी नवं नाव सुचवलं, कारण तपासलेल्या बहुतेक रुग्णांमध्ये हिस्टेरियाचा मागमूस नव्हता. त्याला अर्धशतक उलटून गेलं, तरी घराघरांत ते जुनं वाक्य अजून ऐकू येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे, 'जेवताना बरं वाटतं'. घशात गाठ असती तर घास उतरताना ती आडवी आली असती. तुमचं उलट आहे. घास जातो तेव्हा गोळा विरतो आणि तोंड रिकामं असताना परत येतो. तो मधोमध आहे, दुखत नाही, आवंढा गिळला की जास्त जाणवतो. ही ग्लोबसची अगदी नेहमीची गोष्ट आहे.

घाटीच्या खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी, एक गोल स्नायू असतो. तो एरवी मिटलेलाच असतो, म्हणजे श्वास घेताना हवा अन्ननलिकेत शिरत नाही. घास आला की क्षणभर सैल होतो आणि लगेच मिटतो. ग्लोबसच्या काही रुग्णांमध्ये हा स्नायू गरजेपेक्षा जास्त आवळलेला सापडतो. काळजीत, दुःखात गळ्याचे स्नायू ताठरतात हे तर आपण सगळेच जाणतो. रडू दाबलं की कंठ दाटून येतो, तो काही कल्पनेनं येत नाही.

आता वाचता वाचता एक करून पाहा. तोंडात काहीही न घेता लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला घसा घट्ट होतो, पाचवा आवंढा उतरता उतरत नाही. निरोगी माणसाचंही असंच होतं, कारण गिळण्याची क्रिया सुरू व्हायला घशात थोडी तरी लाळ लागते. तुम्ही दिवसभर हेच करताय. गोळा गेला का ते पाहायला आवंढा गिळता, कोरड्या गिळण्यानं घसा आणखी आवळतो, गोळा मोठा भासतो, की परत आवंढा. खाकरण्याचंही तेच. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, तिथे हुळहुळतं, आणि ते हुळहुळणं घालवायला माणूस पुन्हा खाकरतो.

म्हणून सुरुवात इथून करा. पाण्याची बाटली हाताशी ठेवा. आवंढा गिळावासा वाटला की त्याऐवजी पाण्याचा लहानसा घोट. खाकरावंसं वाटलं तरी घोटच. आणि दिवसातून चार-पाच वेळा ओठ मिटून आतल्या आत जांभई द्या. बोटं घाटीवर ठेवा, ती खाली सरकलेली लागेल. मग तोंड उघडून लांब उसासा सोडा. माझ्यासमोर बसून हे करताना पुष्कळ जण चकित होतात, कारण त्या दोन-तीन सेकंदांत गोळा नाहीसा होतो. स्पीच थेरपिस्टकडे असे आणखी व्यायाम असतात. आवाजाचा त्रास नसला तरी त्यांच्याकडे जरूर जा.

ॲसिडिटीच्या गोळ्यांबद्दल स्पष्टच लिहिते. घशाच्या अशाच रेंगाळलेल्या तक्रारींवर ब्रिटनमध्ये 346 जणांवर एक अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना 16 आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्रेझॉल दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. दोन्हीकडे सारखाच फरक पडला. छातीत जळजळ होत असेल, आंबट पाणी वर येत असेल तर गोष्ट वेगळी. तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही. मात्र इतके महिने घेतलेल्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर काही दिवस आम्ल उसळतं आणि 'बघा, गोळीची गरज होतीच' असं वाटायला लागतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

राहिला तुमच्या जाऊबाईंचा विषय. माझ्याकडे येणाऱ्या ग्लोबसच्या रुग्णांशी बोलताना किती वेळा असं एखादं मरण निघतं, काय सांगू. नुसतं 'घाबरू नका' म्हणून ती भीती जात नाही. मी त्यांना स्क्रीनवर त्यांचाच घसा दाखवते. हे जिभेचं मूळ, हे पानासारखं झाकण, हे दोन पांढरे पट्टे म्हणजे स्वरतंतू, बघा कसे उघडतात, मिटतात. पुढच्या तपासणीत तुम्हीही बघायला मागा. आणि जाऊबाईंबद्दल कुणापाशी तरी पोटभर बोला, रडू आलं तर दाबू नका. एवढं करूनही त्रास टिकला तर झोपताना घ्यायची, नसांची संवेदना कमी करणारी औषधं कमी मात्रेत देता येतात. अन्ननलिकेच्या अगदी वरच्या टोकाला काहींना जन्मापासून जठराच्या अस्तराचा एक चट्टा असतो, तोही कधी कधी असा त्रास देतो. एंडोस्कोपीची नळी तिथून झरकन बाहेर काढली की तो नजरेतून सुटतो. कधी एंडोस्कोपी झालीच तर 'वरचा भाग सावकाश बघाल का' असं म्हणायला संकोचू नका.

ग्लोबस महिनोन् महिने येत-जात राहतो, त्यामुळे तो परत आला म्हणून हबकू नका. पण घास अडायला लागला, वजन उतरलं, गोळा एकाच बाजूला जाणवू लागला, त्या बाजूचा कान दुखू लागला, आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, गळ्याला बाहेरून गाठ लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर आधीची तपासणी ठीक होती म्हणून गप्प बसू नका. कान आणि घसा यांच्या काही नसा सामाईक असतात. कानात काही दोष नसताना कान दुखला तर मी आधी घसा तपासते.

प्रश्न: वय 61. तीन महिन्यांपासून कोरडा घास छातीच्या मध्यभागी थांबतो. पाणी प्यायलं की उतरतो. महिन्याभरापासून मऊ अन्नही थांबायला लागलंय. कंबरपट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला. तीस वर्षं सिगारेट ओढली, आता सोडली आहे. गॅस होतो म्हणून गोळ्या घेतोय. एंडोस्कोपीची भीती वाटते. बेरियमच्या एक्स-रेवर भागेल का?

तुम्हाला अंक निघण्याची वाट न पाहता थेट कळवलंच आहे. तरी इथेही लिहिते, कारण असाच त्रास असूनही पत्र न लिहिणारे पुष्कळ असतील. एंडोस्कोपी याच आठवड्यात करून घ्या.

निरोगी अन्ननलिका घास जाताना दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंदावते. ती वाट 13 मिलिमीटरच्या आत आली की कोरडा घास हमखास अडायला लागतो. म्हणजे आपल्याला पहिल्यांदा जाणवतं तेव्हाच ती बरीच अरुंद झालेली असते. आधी कोरडं, मग मऊ, मग पातळ, हा क्रम वाट बुजत चालल्याची खूण आहे. त्यात वजन उतरतंय. गॅसनं असं होत नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. पन्नाशीच्या एक बाई आल्या, 'गळ्यात गोळा होतो' म्हणाल्या. मी गोळा हा शब्द ऐकला, घशात दुर्बीण घातली, सगळं स्वच्छ दिसलं, कागदावर ग्लोबस लिहिलं आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. जेवताना काय होतं, हे विचारलंच नाही. चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं. तेव्हा मी विचारलं. म्हणाल्या, 'घासाचा गोळा होऊन बसतो हो, खालीच जात नाही.' पहिल्या दिवशीही त्या हेच सांगत होत्या. गाठ अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होती, जिथवर घशाची दुर्बीण पोचतच नाही. अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांब असते, आणि खालच्या टोकाला अडलं तरी माणसाचं बोट बरेचदा गळ्याकडेच जातं. ते चार महिने मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून गळ्याला हात लावून आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारते, 'घास गिळताना, की एरवी?'

तुम्हाला कॅन्सरच असेल असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षांच्या आम्लानं व्रण पडून वाट आक्रसते, कधी आतमध्ये पातळ कडं तयार होतं, ही दोन्ही कारणं फुग्यानं वाट रुंद करून बरी करता येतात, बरेचदा त्याच बैठकीत. पण कोणतं कारण आहे हे तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही, आणि बेरियमच्या एक्स-रेत तुकडा काढता येत नाही. म्हणून तो एक्स-रे लागला तर जोडीला, एंडोस्कोपीऐवजी नाही.

भीतीबद्दल. घशात बधिर करणारा फवारा मारतात किंवा शिरेतून गुंगीचं औषध देतात. नळी अन्नाच्या वाटेनं जाते, श्वासाची वाट मोकळी राहते. नुसतं पाहायचं असेल तर काही मिनिटांचं काम असतं. घास अडतो हे आधीच सांगा, कारण आत अन्न साठलेलं असू शकतं आणि जास्त वेळ उपाशी राहावं लागतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तेही सांगा. तोवर घास लहान, नीट चावलेला. घास अडून स्वतःची लाळही उतरेनाशी झाली, ती थुंकावी लागली, तर रात्र असो की पहाट, इस्पितळ गाठा. अडलेलं अन्न काही तासांतच काढावं लागतं.

याच संदर्भात दुसऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे, त्यांना पहिल्या दिवसापासून घास आणि पाणी दोन्ही अडतं, आणि रात्री न पचलेलं अन्न उशीवर येतं. हा वेगळा प्रकार आहे. इथे वाट अरुंद नसते, अन्ननलिकेच्या खालची झडप उघडायचं विसरते. याला अकॅलेशिया म्हणतात, आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटी म्हणून त्याच्यावर चुकीचे उपचार होत राहतात. एंडोस्कोपीत कधी कधी काहीच दिसत नाही. मॅनोमेट्री म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी करावी लागते. उपचार चांगले आहेत. झडपेचा स्नायू कापायची शस्त्रक्रिया हेलर यांनी 1913 मध्ये केली, आणि 2008 पासून तेच काम जपानमध्ये सुरू झालेल्या पद्धतीनं तोंडावाटे, पोटावर छेद न देता करता येतं.

प्रश्न: माझे वडील 72 वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू कमजोर आहे. आता घरी आणलंय. पाणी प्यायले की ठसका लागतो, जेवण तासभर चालतं, जेवणानंतर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येतो. घास उतरावा म्हणून आई मध्ये मध्ये पाणी पाजते. ठसका लागला नाही त्या दिवशी सगळं ठीक समजायचं का? मला फार भीती वाटते, मीच त्यांना भरवते.

तुमची भीती मला कळते. माझ्या वडिलांना मीच भरवत होते, शेवटची दोन वर्षं. डॉक्टर असूनही चमचा हातात घेतला की माझा श्वास रोखला जायचा.

आईंना हे आजच सांगा: घास ढकलायला पाणी नको. ऐकायला विचित्र वाटेल, पण कमजोर घशाला पाणीच सगळ्यात अवघड. घास सावकाश सरकतो, पाणी धावतं. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जाऊन एखाद्या सेकंदात श्वासाची वाट बंद व्हावी लागते. पक्षाघातानंतर ती बंद व्हायला उशीर होतो आणि पाणी तेवढ्यात आत शिरतं.

ठसका ही शरीराची राखण आहे. ठसका नाही म्हणजे धोका नाही, असं नाही. पक्षाघाताच्या बऱ्याच रुग्णांमध्ये घशाची संवेदनाच मंदावते, अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकला येत नाही. म्हणून मी ठसक्याइतकंच आवाजाकडे लक्ष देते. तुम्ही लिहिलेला ओला आवाज म्हणजे स्वरतंतूंवर काहीतरी साठून राहिल्याची खूण आहे. त्यांची गिळण्याची तपासणी लवकर करून घ्या. एक तर नाकातून बारीक कॅमेरा घालून घास कसा जातो ते पाहतात, नाहीतर बेरियम मिसळलेलं अन्न देऊन हलता एक्स-रे काढतात. हे काम स्पीच थेरपिस्ट आणि डॉक्टर मिळून करतात. ठसक्याशिवाय आत जाणारं अन्न त्यातच दिसतं.

तोवर भरवायचं कसं, ते सविस्तर सांगते. त्यांना खुर्चीत ताठ बसवा, पाय टेकलेले, कमजोर बाजूला उशीचा आधार. तुम्ही उभ्या राहू नका. वरून चमचा आला की माणूस मान मागे टाकतो, आणि मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी पडते. त्यांच्यासमोर, डोळ्यांच्या पातळीवर बसा. चमचा लहान घ्या आणि खालून वर न्या. घास दिला की त्यांच्या घाटीकडे बघा. ती वर गेली, खाली आली, म्हणजे गिळलं. आधी कळायचं नाही, तेव्हा हलकेच दोन बोटं ठेवून बघा. दोन दिवसांत नजर बसते. घाटी हलली नाही तोवर दुसरा घास नाही. मग 'आ' म्हणायला सांगा. आवाज कोरडा आला तर पुढचा घास. ओला आला तर खोकायला लावा, पुन्हा गिळायला लावा. मधून मधून उजव्या गालात डोकावा. त्या बाजूला न कळत घास साठतो, आणि जेवणानंतर आडवं झाल्यावर तोच घसरतो. टीव्ही बंद, गप्पा बंद. अर्ध्या तासात थांबा, कारण दमलेला घसा चुकतो. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान करा. जेवणानंतर अर्धा तास तरी बसूनच राहू द्या.

हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. काहींना त्याचा फार उपयोग होतो, काहींना अपाय. कॅमेऱ्याखाली त्यांच्यापुरतं पाहून ठरवायचं. पाणी दाट करायच्या पावडरीचंही तसंच. किती दाट, हे तपासणीनंतर ठरतं, आणि त्यासाठी शून्य ते सात अशा पायऱ्यांचं एक आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे. पेय किती दाट झालं हे घरी 10 मिलीच्या सिरिंजनं बघता येतं: टोकाला बोट लावून सिरिंज भरायची, बोट काढायचं आणि 10 सेकंदांत किती खाली गेलं ते पाहायचं. थेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. एक सावधगिरी: दाट पाणी कुणालाच आवडत नाही, त्यामुळे माणूस पाणी पिणंच कमी करतो. लघवी गडद होतेय का, जीभ कोरडी पडतेय का, याकडे लक्ष असू द्या.

तोंडाच्या स्वच्छतेबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. लाळ थोडीफार फुफ्फुसात उतरणारच. त्या लाळेत किती जंतू आहेत यावर न्यूमोनिया होणार की नाही हे बरंच अवलंबून असतं. दोन वेळा दात, हिरड्या, जीभ मऊ ब्रशनं साफ करा, प्रत्येक जेवणानंतर गाल पुसा. कवळी असेल तर रात्री काढून धुवा.

गोळ्या विचारल्याशिवाय कुटू नका, काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. ताप, वाढलेला श्वास, अचानक गुंगी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि घास अडून आवाजच फुटेना, खोकलाही येईना, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा, नाही निघाला तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीनं आत-वर पाच धक्के, आणि तोवर कुणीतरी रुग्णवाहिका बोलवायची. हे आईंनाही शिकवा.

धीर देणारी गोष्टही खरी आहे. झटक्यानंतर सुरुवातीला निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला जमत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढच्या काही आठवड्यांत सुधारतं. पाच आठवडे म्हणजे अजून सुधारणा होण्याचा काळ आहे. व्यायाम आत्ताच सुरू झाले पाहिजेत.

प्रश्न: मी 22 वर्षांचा आहे, कॉलेजात शिकतो. मला जेवायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. प्रत्येक घासाला पाणी लागतं. दोनदा मांसाचा तुकडा छातीत अडकला, एकदा तर तीन तास उलटी होईपर्यंत बाथरूममध्ये होतो. लहानपणी दमा होता, धुळीची ॲलर्जी आहे. एंडोस्कोपी नॉर्मल आली. आता मित्रांसोबत जेवायला जाणंच सोडलंय.

तुझ्या रिपोर्टवर एक गोष्ट बघ: तुकडे घेतले होते का? वरून अस्तर चांगलं दिसलं एवढ्यावर तुझ्या बाबतीत थांबता येत नाही. दमा, ॲलर्जी, तरुण वय, अधूनमधून अडकणारा घास, हे सगळं एकत्र आलं की मला इओसिनोफिलिक इसोफेजायटिस आठवतो. अन्ननलिकेच्या अस्तरात ॲलर्जीच्या पेशी, म्हणजे इओसिनोफिल, जमून ती ताठर होते. दुर्बिणीतून कधी कडी, चरे, पांढरे ठिपके दिसतात, कधी काहीही दिसत नाही. वरून-खालून मिळून निदान सहा तुकडे घ्यावे लागतात, आणि सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात 15 किंवा जास्त इओसिनोफिल दिसले तर निदान पक्कं होतं. तुकडे घेतले नसतील तर पुन्हा तपासणी करायला सांग, आणि हाच शब्द डॉक्टरांपुढे उच्चार.

इतकी वर्षं तू जुळवून घेत आलायस. घास बारीक करणं, खूप चावणं, पाणी, घट्ट पदार्थ टाळणं. म्हणून डॉक्टरांनी 'गिळायला त्रास होतो का' विचारलं की तू 'तसा नाही' म्हणत असशील. त्याऐवजी 'मी काय काय टाळतो' हे सांग. उपचार तीन प्रकारचे: आम्ल कमी करणारी औषधं, जी इथे बऱ्याच जणांना खरोखर लागू पडतात, श्वासातून ओढायच्या ऐवजी गिळायचं स्टेरॉइड, किंवा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही अन्नपदार्थ वर्ज्य करून पाहणं. वाट आक्रसली असेल तर ती रुंद करता येते. पुन्हा तास-तास घास अडला तर उलटी काढत बसू नकोस, त्यानं अन्ननलिका फाटू शकते. इस्पितळात जा. आणि मित्रांना सांगून टाक. तुझ्यासाठी दहा मिनिटं थांबणारे त्यांच्यात निघतील.

प्रश्न: मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घेते. परवा रात्री झोपता झोपता एका घोटाबरोबर घेतली. सकाळपासून छातीत, गिळताना चाकू फिरावा तसं दुखतंय. कॅप्सूल अजून तिथेच असेल का?

कॅप्सूल विरघळून गेली असणार, पण ती रात्रभर अन्ननलिकेला चिकटून राहिली आणि तिथे व्रण झाला. एका घोटानं ती खाली जात नाही, आणि आडवं झाल्यावर तर नाहीच. डॉक्सिसायक्लिन, लोहाच्या आणि पोटॅशियमच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, हाडांच्या ठिसूळपणावरची अलेंड्रोनेट ही या बाबतीत सगळ्यात त्रासदायक. डॉक्टरांना आजच फोन कर, ती कॅप्सूल थांबवून दुसरं काही देतील. काही दिवस मऊ, कोमट, तिखट-आंबट नसलेलं खा. बहुतेक व्रण आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतात. दुखणं वाढलं, पाणीही उतरेना, किंवा उलटीत रक्त आलं, तर थांबू नकोस.

पुढे कोणतीही गोळी बसून किंवा उभं राहून, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅप्सूलसाठी एक छोटी युक्ती आहे. मान मागे टाकायची सवय सोड. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते. ती जिभेवर ठेव, घोट घे, हनुवटी जरा छातीकडे झुकव, म्हणजे कॅप्सूल तरंगत घशाच्या बाजूला येते, आणि तशीच गिळ. मग उरलेला पेला संपव.